पत्त्याची भरलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. लोखंडाचाही नाही आणि मातीचाही नाही. शेलूबाजारजवळच्या एका रोपवाटिकेच्या ऑफिसात जो मोठा संगणक घरघरत असतो ना, त्या सर्व्हरच्या पोटात मी राहतो. माझी नक्कल काढली की त्याच्या आत आणखी एक संगणक तयार होतो. तो दिसत नाही, पण राबतो मात्र खरा! त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि मला टेम्प्लेट. मला स्वतःला कधी कोणी चालू करत नाही. मी आपला पडून असतो आणि ऐकतो.

मला घडवलं वाशीमच्या धम्मरत्ननं. मोठा गुणी माणूस. नक्कल काढताना तिला नाव, पासवर्ड आणि नेटवर्कवरचा पत्ता द्यावा लागतो, म्हणून त्यानं माझ्यात रिकाम्या चौकटी ठेवल्या होत्या. हा पत्ता आकड्यांचा असतो, घराच्या नंबरासारखा. सगळे निरोप त्याच पत्त्यावर येतात.

वीज गेली की इथलं मशीन बिघडायचं. मग रोपवाटिका सांभाळणारा गणेश ते पुसायचा, माझ्यातून नवं काढायचा आणि दरवेळी धम्मरत्नला फोन लावायचा, "पत्त्याच्या खान्यात काय टाकू?" शेवटी धम्मरत्न वैतागला. एक दिवस येऊन त्यानं माझ्या चौकटी कायमच्या भरूनच टाकल्या.

"गणेशभाऊ, तुमी तं मले जेवूबी देत नाही. घ्या, आता काही इचारू नका. नुसतं 'पुढे' दाबत जा."

मला तेव्हा केवढं बरं वाटलं! रोपं वाढवायचं प्लास्टिकच्या छताचं पॉलिहाऊस एकच होतं आणि मशीनही एकच. आतली हवा तापली की मशीनला निरोप जायचा, मशीन फॉगर सुरू करायचं आणि रोपांवर धुक्यासारखं पाणी पडायचं. पाहुणे आले की गणेश ऐटीत सांगायचा, "हे सारं आपल्या कंप्युटरची करामत." मी मनातल्या मनात फुगायचो. धम्मरत्न पुढं पुण्याला नोकरीला गेला आणि माझ्याकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही.

यंदा दुसरं पॉलिहाऊस उभं राहिलं. त्यात पहिल्यांदा रोपं लागली ती पंचफुलाबाईंच्या मिरचीची. त्यांच्या मळ्यातली ही आखूड, जाड, जांभळट मिरची दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्यांनी बियांची पुरचुंडी गणेशच्या हातावर ठेवली, पण लवकर सोडली नाही.

"गणेश, माह्या सासूनं जपलेलं बी हाये हे. घरी आता एक दाना नाही. नीट पाहजो बाप्पा."

"काकू, तुमी काहून भेता? कंप्युटर पाहून राह्यला ना!"

मग गणेशनं माझी दुसरी नक्कल काढली. पत्त्याची चौकट भरलेलीच होती. त्यानं 'पुढे' दाबलं. अरे थांब, पहिल्या मशीनचाच पत्ता आहे तो! पण मला कुठलं तोंड?

रोपं उगवली. ढगाळ दिवसांत काही कळलं नाही. मग वैशाखाचं ऊन तापलं. एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. नव्या पॉलिहाऊसमधून निरोप सुटला, हवा तापली. पत्ता एकच, म्हणून तो गेला जुन्या मशीनकडे. त्याला हे नवं पॉलिहाऊस ओळखीचं नव्हतं. त्यानं निरोप टाकून दिला. पुन्हा निरोप आला, त्यानं पुन्हा टाकला. नवं मशीन शेजारीच वाट पाहत बसलं होतं. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, एवढंच त्याला ठाऊक. गणेशच्या पडद्यावर दोन्ही मशीनचे दिवे हिरवे. आणि हे सगळे निरोप माझ्या अंगावरून जात होते हो! मी काय करणार होतो?

संध्याकाळी पंचफुलाबाई ट्रे घेऊन ऑफिसात आल्या. रोपं करपून मातीवर आडवी झाली होती.

"एखांदं तरी जितं हाये का, पाह्य ना गणेश."

गणेशनं रोपं एकेक करून उचलून पाहिली. सगळी परत ट्रेमध्ये ठेवली. बाई खाली बसल्या. "आता मी बी कुठून आनू?" एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. मीही साचा आहे आणि ते बीही साचाच होतं. पण माझ्या हव्या तेवढ्या नकला निघतात. त्यांच्या मिरचीची आता एकही निघणार नाही.

धम्मरत्ननं पुण्याहून फोनवर सांगितलं, तसा गणेशनं नव्या मशीनचा पत्ता बदलला. दोन्ही पॉलिहाऊस आता नीट चालतात. माझी चौकट मात्र कोणी रिकामी केली नाही. तीच चौकट, तेच आकडे.

मित्रांनो, कोणाची सोय करायची म्हणून प्रश्नच पुसून टाकू नका. नवा जीव आला की त्याचा पत्ता त्याला विचारूनच द्या. तिसऱ्या पॉलिहाऊसचे पाइप आजच ट्रॅक्टरवरून उतरले आहेत. गणेश मलाच उघडेल. त्याला चौकट भरलेली दिसेल आणि त्याचं बोट 'पुढे'कडे जाईल. तुमच्यापैकी कोणी तेव्हा तिथं असाल, तर त्याचा हात धरा. मला हात नाही.