रामहरीच्या खिशातला शिक्का

मित्रांनो, कोंडून ठेवलेल्याला झोप येत नाही म्हणतात, ते खरं आहे. मी एका ग्रामपंचायतीच्या सरपंचाचा शिक्का. वय झालंय माझं. सध्या तालुक्याच्या कचेरीत, लोखंडी कपाटात, लाख लावून बंद केलेल्या पाकिटात पडून आहे. पाकिटावर लिहिताना कारकून मोठ्यानं म्हणाला, "चौकशीकामी जप्त." तेव्हापासून मी कूस बदलतोय. गावाचं नाव माझ्या पोटावर उलट्या अक्षरांत आहे. पण चौकशी चालू आहे, म्हणून सांगत नाही. पालम तालुक्यातलं आहे, एवढं पुरे.

माझा जन्म पालमला, एसटी स्टँडजवळच्या एका जिन्याखाली झाला. चंद्रप्पा नावाचे कारागीर तिथं बसत. त्यांनी माझी अक्षरं उलटी जुळवली, तापलेल्या रबरावर ती दाबली आणि बाभळीच्या दांड्याला मला चिकटवलं. दांड्याच्या एका अंगाला पितळी खिळा ठोकला. न्यायला आलेल्या माणसाला ते म्हणाले, "ह्यो खिळा आपल्याकडं धरायचा. म्हंजे शिक्का सुलटा पडतो. इसरलाव तर डोक्यावर उभा राहील." माझ्यावर कुणा माणसाचं नाव घातलं नाही, फक्त 'सरपंच' एवढंच. त्यामुळं माणसं बदलली, तरी मी तोच राहिलो.

माझे पहिले धनी भगवानराव. त्यांचा एक नेम होता. कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय ते शिक्का मारत नसत. समोरचा घाईत असला, तरी त्याला बसवून सगळं ऐकवायचे. "तुजाच कागद हाय, ऐकून घे की बाबा," म्हणायचे. मग मला शाईच्या गादीवर टेकवायचे, कागदावर हलकेच दाबायचे आणि चिंधीनं पुसून डबीत ठेवायचे. मित्रांनो, माझं काम तोंड खाली घालून करायचं. कशावर उमटतोय ते मला दिसत नाही. कुणी वाचून दाखवलं, तरच कळतं. भगवानरावांच्या काळात मला सगळं कळत होतं.

त्यांच्यानंतर दोघे-तिघे आले आणि गेले. मग पद महिलेसाठी राखीव झालं, आणि मनिषाताई सरपंच झाल्या. बारावी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. पदभार घेतला त्या दिवशी त्यांनी खुर्चीला हळदकुंकू लावलं, मलाही लावलं. आमच्याकडं तशी रीतच आहे. ती हळद माझ्या 'स'च्या खाचेत अजून अडकलेली आहे. मला वाटलं, आता आपले दिवस चांगले जाणार.

पण ताईंनी मला खाली ठेवलं आणि त्यांचे मालक रामहरी यांनी उचलून शर्टाच्या खिशात टाकलं. "तू सह्या कर. शिक्क्याचं मी बगतो," म्हणाले. ताईंनी पेन उघडलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

मग माझी जी वणवण सुरू झाली, ती विचारूच नका. खिशात मी, मोबाईल, सुपारीची खांडं आणि लग्नाच्या पत्रिका. मोटारसायकलवर सकाळी पालम, दुपारी गंगाखेड, संध्याकाळी आप्पारावांची बैठक. आप्पाराव म्हणजे पॅनलचे पुढारी. रामहरी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. कधी कुणाच्या जीपच्या बोनेटवर, कधी मांडीवर, कधी चहाच्या टपरीवर मला कागदावर आपटायचे. चिंधी गेली, डबी गेली, मोठ्यानं वाचणंही गेलं. ताईंच्या सह्या कोऱ्या कागदांवर आधीच घेऊन ठेवलेल्या असत. कशावर उमटतोय, हे विचारायची मला सोय नव्हती. ताईंना होती, पण त्यांनीही विचारलं नाही. हे मी रागानं सांगतोय, कारण माझा जीव त्यांच्यावर होता.

दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव उसाला जातं. जाण्याआधी लोक दाखला नेतात, 'हे कुटुंब ऊसतोडीसाठी बाहेरगावी जात आहे', म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत लेकरांना बसू देतात. गेल्या दिवाळीला झुंबरबाईंनी असाच दाखला नेला. शेळ्या सासूच्या हवाली केल्या, गायरानात चारायला सांगितलं आणि नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरवर चढल्या.

सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली. त्या दिवसाची ग्रामसभा मात्र आप्पारावांच्या बैठकीत, चार माणसांत उरकली. गावच्या गायरानात खडी फोडायचं मशीन बसवायला ग्रामसभेची हरकत नाही, असा ठराव करायचा होता. ठरावाला हजर माणसांची यादी हवी. नावं कुणाची लिहायची?

आप्पाराव म्हणाले, "उसाला गेलेल्यांची लिवा. गावातल्यांची लिवली तर उद्या भांडायला येतेत, 'आमी कवा आलतो' म्हणून. उसाचे कुटं यायलेत बोंब मारायला?"

सगळे हसले. रामहरीही हसले, पण खिशातून त्यांची छाती धडधडलेली मला कळली. त्रेसष्ट नावं लिहिली गेली, त्यांच्यापुढं अंगठे उठवले गेले. कुणाचे, देव जाणे. ताईंची सही कागदावर आधीपासून होतीच. शेवटी मला दाबलं. मित्रांनो, मी उमटलो. नाही म्हणायला मला तोंड आहे, पण ते तेवढ्यासाठी दिलेलं नाही.

एवढ्या हुशार माणसांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. उसाला गेलेली माणसं गुढीपाडव्याला परत येतात.

ती आली, तेव्हा गायरानात सुरुंगाची भोकं पाडायचं काम सुरू होतं. झुंबरबाईंच्या शेळ्या दाव्याला बांधलेल्या. त्यांनी सासूला विचारलं, सासूनं पंचायतीकडं बोट दाखवलं. यादी निघाली. दुसऱ्या दिवशी पंचायतीपुढं दीडशे माणूस जमलं. झुंबरबाईंच्या एका हातात ठरावाची नक्कल, दुसऱ्या हातात दिवाळीचा दाखला.

"ह्यो कागद म्हंतो, मी गावात न्हाई. ह्यो म्हंतो, मी सभेत बसले. दोन्हीवर शिक्का एकच!" त्या ओरडल्या. "त्या दिशी मी कारखान्यावर मोळ्या बांधायलते. आन अंगठा कुणाचा हाय ह्यो? मला सही येती!"

रामहरींच्या खिशात मी सगळं ऐकलं. दोन्हीवर मीच होतो. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ते परभणीच्या बातमीदारांपर्यंत गेलं. मग फोन सुरू झाले. जे आप्पाराव बैठकीत हसले होते, ते आता म्हणू लागले की सही सरपंचांची आहे, आपल्याला काही माहीत नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायला पुढाऱ्याला किती वेळ लागतो?

त्या तीन दिवसांत रामहरींनी मला खिशातून काढलं, ठेवलं, पुन्हा घेतलं, असं किती वेळा केलं त्याला गणती नाही. घरात ताई त्यांना एकच विचारत होत्या, "आवो, कागद मला एकदा वाचून का दाखवला न्हाई?" ते पायात चप्पल घालून बाहेर जात. मी खिशात.

चौथ्या दिवशी सकाळी पंचायतीत बैठक बसली. बाहेर अंगणात माणसं, दारात झुंबरबाई. आप्पारावांनी टाइप केलेला राजीनाम्याचा कागद ताईंपुढं सरकवला.

"सूनबाई, वरून फोन यायलेत. सही करा आन मोकळ्या व्हा. प्रकृतीचं कारण लिवलंय. म्हंजे पुढं काई निघत न्हाई."

ताईंनी कागद वाचला. त्या मंद आवाजात म्हणाल्या, "माज्या प्रकृतीला काय झालंय, आप्पा?"

आप्पारावांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं. माझ्या लक्षात आलं, या कागदावर मी उमटलो की गायरान गेलं. सरपंच आजारी म्हणून पदावरून गेली, ठराव मात्र ठणठणीत! आणि ही बाई जन्मभर चोर म्हणून गावात वावरणार. रामहरींनी मला बाहेर काढलं, शाईची गादी उघडली.

"तू सही कर. शिक्का मी मारतो."

"द्या इकडं," ताई म्हणाल्या.

"अगं, तुला..."

"अडीच वर्सं तुमीच मारायलाव. द्या."

रामहरींची मूठ सुटत नव्हती. ताईंनी एकेक बोट उघडून मला काढून घेतलं. हळद लावली त्यानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या हातात आलो. त्यांनी टाइप केलेला कागद पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर आपल्या हातानं लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर उभ्या राहिल्या आणि दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचू लागल्या. मला भगवानराव आठवले.

"सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली नाही. यादीतली माणसं गावात नव्हती. गायरानाचा ठराव खोटा आहे. सही माझी आहे, कागद कोरा असताना दिलेली. शिक्का माझा होता, तो मी सांभाळला नाही. म्हणून मी सरपंचपदाचा राजीनामा देते."

आप्पाराव खुर्चीतून उठले. "आसं लिवायचं नसतं, सूनबाई!"

ताईंनी सही केली. मला गादीवर टेकवलं आणि कागदावर सगळा भार देऊन दाबलं. खिळ्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी डोक्यावर उभा राहिलो.

"उलटा पडलाय," रामहरी पुटपुटले.

"वाचता येतोय ना? मग राहू द्या."

राजीनाम्याला दोन साक्षीदार लागतात. आत कुणीच हात पुढं करेना. तेव्हा झुंबरबाई उंबरा ओलांडून आत आल्या. "हे आधी बोलायचं हुतंस, बाई," त्या म्हणाल्या. ताईंनी कागद त्यांच्याकडं सरकवला. मग झुंबरबाईंनी पेन घेतलं आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत, माझ्या शेजारी आपली सही केली. मागोमाग त्यांचे मालक आदिनाथ आले, त्यांनीही केली.

त्या दिवसापासून मी या पाकिटात आहे. मशीन थांबलं आहे, उठलेलं नाही. ठरावाचं काय होणार, ते साहेब ठरवतील. मनिषाताईंना कुणी शाबासकी दिली की शिव्या, हे मला इथं कळत नाही, आणि त्यानंच जीव जास्त तळमळतो. आयुष्यात मी हजारो वेळा सुलटा उमटलो. त्यातला तो त्रेसष्ट नावांवरचा ठसा आठवला की अंगावर काटा येतो. उलट्या ठशाची मात्र मला लाज वाटत नाही.

गावात आता नवा शिक्का आला असेल, प्लास्टिकचा, शाईची गादी पोटातच असलेला. मित्रांनो, त्याच्यासाठी तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या गावच्या पंचायतीत जाल, तेव्हा खुर्चीवर कोण बसलंय ते पाहून परत येऊ नका. शिक्का कुणाच्या खिशात आहे, ते विचारा. आणि खुर्चीवर ताई बसलेली असेल, तर शिक्क्याची कुठली बाजू आपल्याकडं धरायची, ते तिला दाखवा.