माझ्यासाठीचा दर

आमच्या वसाहतीतल्या बुद्धविहारावर मजला चढवून अभ्यासिका बांधायचं ठरलं. अंदाजपत्रक स्नेहाचं, ती वसाहतीतलीच इंजिनिअर. सरकारी दरसूची तिच्याजवळ होतीच, पण विटा, खडी, सळई आपल्या भागात प्रत्यक्ष काय दराने मिळतात, ते तिला हवं होतं. "काका, तुम्ही रोज पाथर्डी फाट्याकडे फिरायला जाता. विचारत या," ती म्हणाली.

माझं आयुष्य ग्रंथालयाच्या टेबलामागे गेलं. दुकानदाराशी बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. तरी विचारू लागलो, आणि गोडीच लागली. एकाच खडीचा दर नाक्याच्या अलीकडे कमी, पलीकडे जास्त. का, तर पलीकडे दिवसा ट्रक सोडत नाहीत. असलं काही मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

माझ्या दरांवर स्नेहाने हिशेब बसवला. मुलींसाठी वेगळी खोलीही त्यात मावली. पण खालच्या विहाराचं मजबुतीकरण आटोपल्यावर ठेकेदार यादव आले आणि म्हणाले, या दराने कोणीच माल देत नाही. समितीचे अध्यक्ष धम्मपाल यांनी मुलींची खोली पुढच्या वर्षावर टाकायचं सुचवलं. माझंच काहीतरी चुकलं असणार, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी स्नेहा मला घेऊन विटावाल्या शेखरकडे गेली. त्याने सरळ सांगितलं, यादवला बाजारभाव. माझ्या ग्रंथालयात बसून शेखर स्वतः बारावी सुटला होता, म्हणून सरांना, म्हणजे मला, वेगळा दर.

स्नेहा कपाळावर हात मारून हसली. "काका, हे बाजाराचे दर नाहीतच. हे फक्त तुमचे दर आहेत. खोली हवी असेल तर खरेदीला तुम्हालाच उभं राहावं लागेल."

खरेदी म्हणजे पुन्हा दुकानदारांशी बोलणं. तरी मी शेखरला विचारलं, सगळ्या विटांना तोच दर राहील का?

"विटांना राहील, सर. सळईवाल्याचं मी कसं सांगू? त्याने बारावी कुठे केली, मला काय माहीत?"

सळईच्या दुकानात गेलो. मागच्या खेपेला मी मालकाकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. आता पाहिलं. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"तुम्ही ग्रंथालयात खिडकीजवळ बसायचात का?" मी विचारलं.

"जिथला पंखा कायम बंद असायचा, तिथेच," तो म्हणाला. "दर मागचाच लावतो, सर. किती टन?"

मुलींची खोली धरून किती, ते विचारायला मी वळून स्नेहाकडे पाहिलं.