आवरलेलं घर

दादाला कामाचा झटका क्वचित येतो, पण आला की घरच्यांची धडगत नसते. घरी येऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेची नर्स आज आईला तपासायला येणार होती. त्यामुळे दादानं काल आईचं घर आवरून टाकलं. पलंगाजवळची खुर्ची बाहेर जिन्यात गेली, मधलं टेबल खिडकीशी आणि शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.

"घर कसं मोकळं दिसलं पाहिजे," तो म्हणाला. मी कामावरून आईकडे आले तेव्हा आई त्याच्यावर नुसती आग पाखडत होती. "होतं तिथे ठेव सगळं!" मला तिचाच राग आला. एवढा राबतोय बिचारा, आणि हिचं आपलं चालूच.

संस्थेचा नियम सरळ होता. घरोघरी म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढलेली, त्यांना सांभाळणाऱ्या बायका मूठभर. रात्रीसाठी त्यांच्याकडे कोणी नव्हतंच. जो रात्री एकटा राहू शकेल त्यालाच दिवसा बाई मिळणार, नाहीतर वृद्धाश्रम. दादाच्या दोन खोल्यांत वहिनी, तिची आई आणि तिघं मुलं. माझी नोकरी पाळीची, त्यात बऱ्याचशा पाळ्या रात्रीच्या. आईनं तर बजावून ठेवलं होतं, "तिकडे नेलंत तर मी अन्नाला शिवणार नाही." आई धमक्या देत नाही, करून दाखवते. म्हणून आज तिनं पास होणं भाग होतं.

नर्स वेळेवर आली. आवाज गोड, नजर मात्र तीक्ष्ण.

"आजी, जरा उठून दाखवता?"

"आजी तुझ्या घरी," आई म्हणाली आणि ताडकन उठली. नर्स हसली. मला हायसं वाटलं.

मग नाव, औषधं, वार, सगळं विचारून झालं. आईनं घडाघडा सांगितलं. "पेपर वाचता का?" नर्सनं विचारलं.

"सोडला. रोज तेच ते, त्यात नवं काय असतं?"

"बरं, आता स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा. इतरांनी मदत करायची नाही."

आई निघाली. दोन पावलांवर तिनं हात बाजूला नेला, खुर्चीच्या पाठीवर ठेवायला. खुर्ची नव्हती. हात हवेतच राहिला, बोटं चाचपडली. मग ती टेबलाच्या जुन्या जागेला वळसा घालून गेली, जिथे आता नुसती फरशी होती.

आईला दिसत नव्हतं. रिकामी जागा आणि टेबल, तिला सारखंच. कोण जाणे किती महिने ती या घरात हातांनी चालत होती, आणि आम्ही तिच्या हातांखालचं घरच काढून घेतलं होतं.

दादा खुशीत होता. "बघा, कशी टुणटुणीत आहे," तो नर्सला म्हणाला. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ओट्याशी पोचल्यावर आईनं चाचपत पातेलं शोधलं, पाणी घेतलं. शेगडी जागेवर नाही हे तिला कळलं. हात सरकवत तिनं ती गाठली, बटण फिरवून ती पेटवलीही. नर्सला अजून काही कळलं नव्हतं. आणखी थोडं, आई, एवढं पार पाड.

तिनं पातेलं टेकवलं ते शेगडीच्या पलीकडे, ओट्यावर. मग पातेलं नीट बसलंय का पाहायला हात पुढे केला. गाऊनची सैल बाही ज्वाळेवरून चालली होती.

गप्प राहिले असते तर कदाचित हात निसटलाही असता. नर्स दारातून पाहत होती, पण तिच्या बाजूनं बाही दिसत नव्हती. मला दिसत होती.

"आई, हात मागे! ज्वाळा आहे!"

मी धावत जाऊन गॅस बंद केला. आई थिजून उभी राहिली. बाहीचा काठ करपला होता.

"एवढं कळत होतं तर गप्प बसायचंस," ती हळू म्हणाली. मला रडू फुटलं.

नर्सनं आईला हाताला धरून पलंगावर बसवलं, डोळ्यांसमोर बोटं धरली, किती आहेत विचारलं. आई करपलेली बाही चाचपत राहिली.

"रात्री एकटं ठेवता येणार नाही," नर्स आमच्याकडे वळून म्हणाली. "घरचं कोणी रात्री राहणार असेल तर दिवसाची बाई मी आजच देते. नाहीतर..."

"राहतील ना," आई घाईघाईनं म्हणाली. "मला दोन मुलं आहेत. तुमच्यापैकी कोण राहतंय रे रात्री?"

मी दादाकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं.

आईनं मान एकदा इकडे वळवली, एकदा तिकडे.

"अरे, कोणी बोलत का नाही? गेलात का सगळे?"

आम्ही गेलो नव्हतो. दोघंही तिच्या समोरच उभे होतो.