मेपलवरचा ठिपका

ऑर्व्हिल लाम्पीने मोबाइल लोकरीच्या मोज्यात कोंबला, त्याच्या कुशीत हात शेकायची एक गरम पुडी सरकवली आणि मोजा मचाणाच्या खिळ्याला अडकवला. थंडीत मोबाइलची बॅटरी पटकन मान टाकते, हे त्याला जावयानेच शिकवलं होतं. त्या शिकवणीचा असा उपयोग होईल हे मात्र त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

"बस इथंच गुमान," तो मोज्याला म्हणाला आणि शिडी उतरून चालू लागला. अजून नीट फटफटलंही नव्हतं. झगझगीत नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी, पाठीवर बंदूक आणि तोंडावर शाळा बुडवलेल्या पोराचा आनंद. वय विचाराल तर बहात्तर.

हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस म्हणजे आमच्याकडे सणच. शाळा बंद, गॅरेज बंद. दंतवैद्यसुद्धा कवळ्या अर्धवट टाकून जंगलात पळतो. ऑर्व्हिलच्या कॅम्पात, म्हणजे शिकाऱ्यांच्या जंगलातल्या झोपडीत, यंदा सगळ्यांच्या मोबाइलवर एक नवं अॅप आलं होतं, आणि ते आणणारा होता जावई कर्टिस. पोरगा राज्याच्या दक्षिणेकडचा, सपाट मुलखातला, पण मनाचा चांगला. त्या अॅपमध्ये अख्ख्या जंगलाचा नकाशा होता. मचाणं कुठं, हरणांच्या वाटा कुठं, कुणाची हद्द कुठं संपते, वारा कुठून कुठं वाहतोय, सगळं. झाडांना बांधलेले कॅमेरे हरणांचे फोटो काढून परस्पर मोबाइलवर पाठवायचे. आणि कॅम्पातला प्रत्येक माणूस त्या नकाशावर एक निळा ठिपका होऊन फिरायचा.

"म्हणजे मी मुतायला कुठं उभा राहिलो तेही दिसणार?" ऑर्व्हिलने विचारलं होतं.

"दिसणार, पॉप. पण आम्ही बघणार नाही," कर्टिस म्हणाला होता. सासऱ्याला तो पॉप म्हणायचा, सासूला मॉम.

बाकीच्यांना खेळ आवडला. डेल ट्रेव्हॅरो, म्हणजे ऑर्व्हिलचा खाणीतल्या दिवसांपासूनचा दोस्त, त्याने तर अॅप घेतलं ते केवळ कॅम्पावर परत कोण आधी येतो आणि पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भली मोठी करंजी, कोण आधी संपवतो यावर नजर ठेवायला. ऑर्व्हिल मात्र अडून बसला. मोबाइल घेणार नाही म्हणजे नाही. पण वसंतात त्याच्या छातीत कळ आली होती आणि डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली होती. अर्लीन, त्याची बायको, एकच वाक्य बोलली.

"मोबाइल खिशात, नाहीतर बंदूक कपाटात. आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ऑर्व्हिल एवढं तरी शिकला होता की या स्वरापुढे वाद घालायचा नसतो. त्याने मुकाट्याने मान हलवली, आणि त्याच रात्री मोज्याची युक्ती काढली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं लपवायचं काय होतं? तर जागा. सीडरच्या झाडांनी भरलेल्या दलदलीपलीकडे, बीव्हर नावाच्या पाणप्राण्याने ओंडके रचून बांधलेल्या जुन्या बांधाच्या पलीकडे, एक उंचवटा आहे. चारी बाजूंनी पाणी आणि चिखल, वर हेमलॉकची जुनी झाडं. तीन बाजूंनी हरणांच्या वाटा तिथे येऊन मिळतात. ऑर्व्हिलला ती जागा सापडली तेव्हा तो तिशीचा नव्हता. खाण नुकतीच बंद पडली होती आणि तो रागारागाने, वाट फुटेल तिकडे चालत सुटला होता. त्यानंतर दर मोसमात तो तिथेच बसला. कुणालाही सांगितलं नाही, डेललाही नाही. आमच्याकडे माणूस तुम्हाला आपली बंदूक वापरायला देईल, पिकअपही देईल, पण जागा? नाव काढू नका. आणि ऑर्व्हिलचं तर जरा जास्तच होतं. घर अर्लीनच्या वडिलांचं, कॅम्प सहा जणांच्या भागीचा, नोकरी खाणवाल्यांची, तीही त्यांनी काढून घेतली. आयुष्यात निव्वळ त्याची, एकट्याची म्हणावी अशी ही एवढीच वस्तू होती. तिच्यावर निळा ठिपका पडू द्यायचा? छट्!

म्हणून मोबाइल मेपलच्या झाडावरच्या मचाणावर बसला आणि मालक दलदलीकडे निघाला. दरवर्षीप्रमाणे लांबचा वळसा घेतला, ओढ्याच्या पाण्यातून थोडं चालला, मागं वळून पाहिलं. कुणी नाही. स्वतःवर इतका खूष झाला की शीळ घालावीशी वाटली.

बीव्हरच्या बांधावर त्याचा पाय घसरला.

हजार वेळा ओलांडलेला बांध. पण एका ओंडक्यावर बर्फाची पातळ काच चढली होती आणि तो तोऱ्यात होता. उजवा पाय दोन ओंडक्यांच्या फटीत गेला, बाकीचा ऑर्व्हिल दुसऱ्या बाजूला गेला, आणि घोट्यातून असा आवाज आला की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खांद्यावरची बंदूक सुटून डबक्यात बुडाली. बुडबुडे आले, मग तेही थांबले.

"अगं आई गं," ऑर्व्हिल म्हणाला, आणि पुढे बरंच काही म्हणाला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फटीतून पाय सोडवायला त्याला फार वेळ लागला. मग तो कोपरांवर सरपटत उंचवट्यापर्यंत पोचला आणि आपल्या नेहमीच्या हेमलॉकला पाठ टेकून बसला. मांडीपर्यंत भिजला होता. काडेपेटीचा लगदा झाला होता. तीन बार काढले की माणूस अडचणीत आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, पण बार काढायला बंदूक लागते. त्याने हाका मारल्या. वारा उलटा होता, हाका त्याच्याच तोंडावर परत येत होत्या. लांबून इतरांच्या बंदुकांचे आवाज येत होते. जो तो आपल्या हरणात गुंग.

पेस्टी तेवढी छातीशी, जाकिटाच्या आत, कोरडी राहिली होती. त्याने ती खाल्ली. अर्लीनच्या हातची, कांदा जास्त घातलेली, त्याला आवडते तशी. खाता खाता त्याला वाटलं की आपण जगातले सगळ्यात मोठे गाढव आहोत.

कारण ठिपका. त्याला तो डोळ्यांपुढे दिसत होता. मेपलवर, उबदार मोज्यात, छान निळा, जागचा न हलणारा. कर्टिस दर थोड्या वेळाने मोबाइल बघत असेल आणि म्हणत असेल, पॉप बसलेत. आणि घरी अर्लीन. तिच्या मोबाइलवरही लेकीने ते अॅप घालून दिलं होतं. ती ओट्याशी उभी राहून शेजारणीला दाखवत असेल, बघ बाई, आमचे हे यंदा किती शहाण्यासारखे बसलेत एका जागी. काळजी मिटली माझी. आणि इकडे आपण गारठून मरणार, आणि ती त्या ठिपक्याकडे बघून समाधानाने हसत असणार. ऑर्व्हिलला रडू आलं. पायाचं दुखणं सोसवत होतं, पण हे सोसवेना. आपण तिला फसवलं, आणि तेही किती काळजीपूर्वक, गरम पुडी घालून!

दुपार कलली. अंगाची थरथर आधी वाढली आणि मग हळूहळू कमी व्हायला लागली. ती कमी होणं चांगलं नाही, हे त्याला माहीत होतं. तो मोठ्याने बोलत राहिला, झोप लागू नये म्हणून. खाणीतल्या जुन्या मुकादमाला शिव्या दिल्या. लेकीच्या लग्नातलं भाषण, जे तेव्हा विसरला होता, ते म्हणून टाकलं.

"ऑर्व्ह! ए म्हाताऱ्या!"

बांधावरून डेल ट्रेव्हॅरो येत होता. तोल सावरत, बरोबर त्याच ओंडक्यांवरून, ज्यांवर ऑर्व्हिल पाय ठेवायचा. त्याच्या मागे कर्टिस.

आणि खोटं कशाला सांगू, ऑर्व्हिलला पहिल्यांदा आनंद झाला नाही. राग आला.

"तू इथं कसा आलास? कुणी सांगितलं तुला?"

"आधी जिवंत आहेस का ते सांग," डेल म्हणाला. "हो, दिसतोयस. तोंड चालू आहे." त्याने आपलं जाकीट काढून त्याच्यावर टाकलं आणि थर्मासमधली कॉफी त्याच्या ओठांना लावली.

कर्टिस पांढराफटक पडला होता. त्याच्या मुठीत मोजा होता.

"पॉप, मॉम तुम्हाला मेसेज करत होत्या. तुम्ही उत्तर देईनात. म्हणून मी मचाणावर गेलो." त्याने मोजा पुढे धरला. "पॉप, तुम्ही याला गरम पुडीसुद्धा दिलीत!"

"चूक झाली रे पोरा," ऑर्व्हिल म्हणाला. एवढंच, पण त्याने ते जावयाच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

कर्टिसने नाक पुसलं, मोज्यालाच पुसलं, आणि घाईघाईने मोबाइल काढला. "स्लेज घेऊन माणसं निघालीत. त्यांना जागा कळायला हवी. मी इथली खूण टाकतो नकाशावर."

"नको!" ऑर्व्हिल ओरडला. ओठ निळे, पाय मोडलेला, पण आवाज ठणठणीत. "खूण टाकायची नाही! त्यांना बांधापाशी थांबव, तू मला ओढत ने, काहीही कर. पण खूण नको!"

"पॉप, वेड लागलंय का तुम्हाला?"

"थांब कर्टिस," डेल म्हणाला. "खुणेची गरज नाही. मी वॉकीटॉकीवर सांगितलंय त्यांना."

"काय सांगितलंस?"

"ऑर्व्हच्या जागेवर या म्हटलं."

"ऑर्व्हच्या जागेवर?" ऑर्व्हिल कडवटपणे हसला. "त्यांना काय डोंबल कळणार त्यातून?"

डेलने समोर बोट केलं. तो दलदलीकडे बघू लागला.

सीडरांमधून नारिंगी टोप्या दिसायला लागल्या. पाच-सहा जण होते, मागे स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढत. कुणी थांबलं नाही, कुणी हाक मारून वाट विचारली नाही, कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं नाही. वाकड्या सीडरपाशी डावीकडे वळले, ओढा जिथे उथळ होतो तिथेच उतरले आणि सरळ बांधावर आले. पुढे लेस्टर, कॅम्पाचा स्वयंपाकी. मागे तर पलीकडच्या कॅम्पातले दोघं होते, ज्यांच्याशी ऑर्व्हिल हद्दीवरून गेली कित्येक वर्षं बोलत नव्हता. तेही बिनचूक चालत होते.

ऑर्व्हिल एकेकाचं पाऊल कुठं पडतंय ते बघत राहिला.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"अरे, कधीपासून म्हणजे!" डेल म्हणाला. "तू पिकअप लावतोस मुद्दाम भलतीकडे, मग चोरासारखा वळसा घेतोस, ओढ्यात भिजतोस. आणि बर्फातली पावलं कोण पुसणार, तुझा बाप? तुझ्या लेकीच्या जन्माआधीपासून माहीत आहे सगळ्यांना. अर्लीनलाही माहीत आहे. मोजा सापडल्याचं कळलं तेव्हा तिनंच फोनवर ओरडून सांगितलं, तो मेला नसला तर तिकडेच असेल."

"मग आला का नाहीत कधी? एवढी हरणं आहेत इथं. एकदाही कुणी आलं नाही."

डेलला प्रश्न विचित्र वाटला. "तुझी जागा होती ना," तो म्हणाला.

ऑर्व्हिलने तोंड फिरवलं. चाळीसेक वर्षं तो एकटा पहारा देतोय असं समजत होता, आणि पहारा हे लोक देत होते. जावयासमोर रडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, ते जमलं नाही.

माणसं उंचवट्यावर चढली आणि एकदम हळू चालायला लागली, चर्चमध्ये उशिरा शिरल्यासारखी. लेस्टरने टोपी काढली, झाडांकडे पाहिलं, तिन्ही वाटांकडे पाहिलं. "आम्ही काठापर्यंतच यायचो," तो म्हणाला. "आत कसं आहे ते आज बघतोय. छान आहे रे जागा, ऑर्व्ह."

"मग उभे काय, बसा की जरा," ऑर्व्हिल म्हणाला.

"बसा काय बसा? गारठून मरशील!" डेलने त्याला खांद्याला धरून उचललं. चौघांनी मिळून त्याला स्लेजवर निजवलं, पायाला फळी बांधली, अंगावर सगळ्यांची जाकिटं टाकली. ऑर्व्हिल कण्हला, दोन शिव्या हासडल्या. मग त्याने जाकिटांच्या ढिगातून हात बाहेर काढला.

"कर्टिस, तिकडे बघ. ते वाकलेलं बर्चचं झाड दिसतंय? मोठा नर तिथून येतो, उजाडताना. आधी कधीच नाही दिसत. वारा उत्तरेचा असेल तर या झाडामागे बसायचं, नाहीतर त्या खडकापाशी." दात वाजत होते, तरी तो थांबेना. "लेस्टर, तूही ऐक. आणि तुम्ही दोघं, पलीकडचे, तुम्हीपण. पुढच्या वर्षी मला बांध ओलांडता येईल की नाही कुणास ठाऊक."

त्यांनी स्लेज उचलून बांधावरून पलीकडे नेली. लेस्टर पुढे, डेल मागे. कर्टिस शेजारून चालत होता, आणि ऑर्व्हिल त्याला सांगतच राहिला, दलदल मागे पडेपर्यंत.