एर्सिलियाने उतरवलेला चौथा शब्द

मी एक शब्दकोश बोलतोय, इटालियन-इंग्रजी, खिशात मावेल एवढा. जन्म मिलानच्या छापखान्यातला, पण आयुष्य गेलं इटलीच्या डोंगरातल्या बार्दी गावच्या माणसांत. या डोंगरातली पोरं वेल्समध्ये जाऊन कॉफीची दुकानं काढतात. रेन्झोही गेला, मला खिशात घालून. इंग्रजी त्याच्या जिभेवर बसलं आणि मी साखरेच्या डब्यामागे पडलो. गरज सरो, वैद्य मरो! पुढे बिचारा रेन्झोच गेला, आणि त्याच्या ट्रंकेतून मी त्याच्या आईकडे, एर्सिलियाकडे आलो.

रेन्झोच्या लेकीला, ब्रॉनवेनला, इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. तिची पत्रं आली की वेल्सहून परतलेलं कुणीतरी वाचून दाखवायचं. उत्तर मात्र म्हातारी माझ्या मदतीने स्वतः लिहायची. घरातलं चारचौघांत नको, म्हणायची.

एका वसंतात तिचा नवरा जोआकीनो चालताना कलंडू लागला. हा उन्हाळा काही निघायचा नाही, असं डॉक्टरांनी एर्सिलियाला सांगितलं. जोआकीनोला एकदा नातीला पाहायचं होतं. पण ती यायची दर ऑगस्टला.

तिला पत्र लिहायला एर्सिलियाने 'बार्कोलारे'चं, म्हणजे तोल जात चालण्याचं, पान काढलं. त्या क्रियापदापुढे माझ्याकडे चार इंग्रजी शब्द आहेत. पहिला दारुड्याच्या झोकांड्यांचा. दुसरा घाव बसून भेलकांडणाऱ्याचा. तिसरा पाय लटपटून कधीही कोसळेल अशा म्हाताऱ्याचा. चौथा लुटूलुटू चालणाऱ्या बाळाचा.

"पहिला नको हं," जोआकीनो खुर्चीतून म्हणाला. "प्यायलो तेव्हा प्यायलो, आता फुकटची बदनामी नको."

"गप बस. तिसरा लिहितेय."

शेजारीण देसोलीना मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "वेड लागलंय का तुला? परदेशातल्या लेकराला कुणी वाईट कळवतं? तुझी आई गेली तेव्हा तुझ्या भावाला काय लिहिलं होतंस? थोडी सर्दी झालीय."

इथली रीतच ती. एर्सिलियाचं बोट तिसऱ्या शब्दावर बराच वेळ थांबलं, मग तिने चौथा उतरवून घेतला. माझा जीव तळमळला, पण मला शब्द देता येतात, निवडता येत नाहीत.

उत्तर आलं: 'आजोबांना सांग, ऑगस्टमध्ये मी त्यांना बोट धरून चालवीन.' जोआकीनोने ते तीनदा वाचून घेतलं आणि पोटभर हसला. जूनमध्ये, गवत कापायच्या आठवड्यात, तो गेला.

ऑगस्टमध्ये ब्रॉनवेन आली. स्वयंपाकघरात तिने मला उघडलं, कोपरा दुमडून ठेवलेलं ते पान काढून आजीसमोर धरलं. एर्सिलियाने तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं.

पोर इंग्रजीत म्हणाली, "हा लिहिला असतास, तर मी दुसऱ्याच दिवशी निघाले असते."

माझ्यात शब्द जातात ते इटालियनमधून इंग्रजीत. उलटं मला येत नाही. पण एर्सिलियाला ते वाक्य कळलं. ती खाली बसली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडली.

आता मी पावाच्या पेटीवर धूळ खात पडलोय. पुन्हा पत्र लिहायला कुणी मला उघडलं, तर एवढंच मागणं आहे: बाबांनो, दूरच्या माणसाला खरं ते लिहा. रडायचं असेल तर त्याला वेळेत येऊन रडू द्या.