ऑडिटचा पेपर, पाचव्यांदा

आई ऑडिटच्या पेपरात चौथ्यांदा नापास झाली, त्या दिवशी बाबा आइस्क्रीम घेऊन आले. त्यांना वाटलं, सुटलो. आता हा विषय घरातून गेला. आईने वाटी हातात घेतली, दोन चमचे खाल्ले आणि म्हणाली, "फॉर्मची शेवटची तारीख वीस आहे. फोटो नवा काढावा लागेल."

बाबांचा चमचा तोंडातच राहिला.

तसं बाबांचंही काही चुकलं नव्हतं. आई लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात कारकून होती, एकोणीस वर्षं. चार वर्षांपूर्वी, अडतिसाव्या वर्षी, तिने अकाउंटंटच्या परीक्षेला बसायचं ठरवलं. सात पेपर. सहा तिने एकेक करून काढले. सातवा, ऑडिटचा, चार वेळा तिला वाकुल्या दाखवून गेला. पास व्हायला चाळीस मार्क लागत. तिला पडले सदतीस, अडतीस, चौतीस आणि पुन्हा अडतीस. या चार वर्षांत आम्ही कुठे म्हणून गेलो नव्हतो. बाबा बसडेपोत मेकॅनिक होते. पाळी संपवून आले की हाताचं ग्रीस घासून काढायचं आणि कणीक मळायला घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता झाला होता.

आईला ही परीक्षा कशाला हवी होती, हे मला मात्र ठाऊक होतं. दर दोन-तीन वर्षांनी तिच्या खात्यात कोणीतरी नवा, ही परीक्षा पास झालेला, कडक इस्त्रीचा मुलगा साहेब म्हणून यायचा. कुठली फाईल कुठे, कुठल्या गिऱ्हाइकाशी गोडीने बोलायचं आणि कुठल्याशी नाही, शंभर पत्र्यांतले किती भंगारात जातात, हे सगळं आई त्याला शिकवायची. सहा महिन्यांनी तो खुर्चीत बसून सही करायचा आणि आई कागद धरून शेजारी उभी. असे सात साहेब झाले.

"सहाव्याला शिकवताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला," ती मला म्हणाली होती. "त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त काय आहे? सही. बाकी काही नाही."

पाचवा प्रयत्न शेवटचा होता. परीक्षा मंडळाचं पत्रच आलं होतं: पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतो आहे, यंदा ज्यांचे सगळे पेपर निघणार नाहीत त्यांनी पहिल्यापासून सुरुवात करावी.

"बघ, मंडळालाही कळलं," आत्या म्हणाली. "तुलाच कळत नाही."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहायची आणि शाळांचे गणवेश शिवायची. पहाटे साडेपाचला तिचं मशीन सुरू व्हायचं. दोन खोल्यांचं घर, मधे एक पडदा. आईला अभ्यासाला वेळ मिळायचा तो नेमका पहाटेचा. मी एकदा म्हटलं, आत्याला सांग ना, तासभर थांब म्हणून. आई माझ्यावरच उखडली. "तिच्या पोटावर मी कसा पाय आणू? मला जागा हवी असेल तर मी शोधेन."

आणि तिने शोधली. कारखान्याच्या समोर एक मोठं हॉस्पिटल होतं. तिथल्या नाव-नोंदणीच्या खिडक्या आठला उघडायच्या, पण हॉल रात्रभर उघडाच असायचा. लांब बाकडी, पांढरेफेक दिवे, थंड पाण्याचं मशीन, स्वच्छ संडास. माझीही शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून मीही तिच्याबरोबर जायला लागले. सहाला आम्ही दोघी तिथे हजर. औषधाच्या वासात मी भूमिती करायची, आई ऑडिट.

तिसऱ्या दिवशी दारावरच्या म्हाताऱ्या वॉचमनने विचारलं, "पेशंट कुठे आहे तुमचा?"

"ऑडिटमध्ये," आई पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली.

वॉचमनने जरा विचार केला. "कितव्या मजल्यावर येतं ते?"

मला हसू आवरेना. आईने मग त्याला सगळं नीट सांगितलं. त्याला फार गंमत वाटली. तेव्हापासून तो रोज सकाळी "काय, कसा आहे पेशंट?" म्हणून विचारायचा, आणि आई म्हणायची, "श्वास चालू आहे."

दोन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या प्रशासक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्या आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "ही वाचनालयाची जागा नाही. बाकडी पेशंटसाठी आहेत."

"बाकडी रिकामी आहेत मॅडम. पेशंट आला की मी उठते."

"प्रश्न तो नाही. उद्या शंभर जण पुस्तकं घेऊन येतील."

"आले तर मी त्यांना घेऊन जाईन बाहेर."

"उद्यापासून बाकड्यावर बसायचं नाही," बाई म्हणाल्या आणि वॉचमनकडे बघून निघून गेल्या. वॉचमन बिचारा जमिनीकडे बघत होता.

मला वाटलं, झालं, आता पुन्हा पडदा आणि मशीन. पण दुसऱ्या दिवशी आई सहाला तिथेच. बाकड्यावर बसली नाही. खिडकीच्या रुंद कठड्यावर पुस्तक ठेवलं आणि उभी राहून वाचायला लागली. वॉचमन कुजबुजला, "ताई, माझी नोकरी..."

"त्यांनी बसायला मनाई केली आहे. मी कुठे बसले?"

आठवडाभर ती उभी राहिली. रोज दोन तास. त्यानंतर ऑफिसात आठ तास, मग घरी आल्यावर ओट्याशी. तिच्या पोटऱ्यांवर शिरा सुजून आल्या होत्या. मी तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, आई, पुरे. ती म्हणायची, "एवढ्यावर नाही सोडत मी." प्रशासक बाई रोज पावणेआठला समोरून जायच्या. पहिले दोन दिवस त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी थबकल्या. आठव्या दिवशी आम्ही गेलो तर वॉचमन हातातल्या रुमालाने बाकडं पुसत होता. "बसा म्हणाल्यात," तो म्हणाला. "तुम्हाला सांगू नको म्हणाल्यात, पण बसा म्हणाल्यात."

जागेचं असं निभावलं. पण मार्कांचं काय? आईने मंडळाकडून आपल्या जुन्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली होती. ती एका सकाळी आम्ही उघडली. एक प्रश्न होता: गोदामातला माल आणि वहीतला माल जुळत नसेल तर ऑडिटर काय करील? आईने दोन पानं भरून लिहिलं होतं. स्टोअरकीपर आधी घाबरलेला असतो, त्याला आधी मोकळं करावं. मग मागच्या शेडमध्ये जावं, तिथे पोचे पडलेले दरवाजे ठेवलेले असतात, ते कोणी मोजत नाही. पावसात गंजलेले कप्पे ताडपत्रीखाली बघावेत. आणि या सगळ्यापुढे लाल शाईत दोन मार्क, वीसपैकी.

मी हसले. नको होतं हसायला.

"यातलं एक अक्षर खोटं असेल तर दाखव," आई म्हणाली.

"खोटं नाही गं. पण तू तपासणाऱ्याला थेट तुमच्या मागच्या शेडमध्ये नेलंस. त्याला ती शेड कुठे माहीत आहे? नियम लिही, कलम लिही, मग शेड."

"म्हणजे पोपटपंची करू? जे उभ्या जन्मात शेडमध्ये गेले नाहीत ते कलम लिहून पास होतात आणि माझ्या डोक्यावर येऊन बसतात. तेच मी पण करू?"

"पहिल्या चार ओळी त्यांच्या. खालचं सगळं तुझं."

ती चिडून पाणी प्यायला गेली. तीन पेले प्यायली असेल. परत आली, माझी भूमितीची वही बाजूला सारली आणि म्हणाली, "ते कलम कितवं होतं, वाच." मग रोज मी प्रश्न वाचायची आणि ती पहिल्या चार ओळी तोंडी म्हणायची, दात-ओठ खात. पाचवी ओळ आली की तिचा आवाज बदलायचा. आपल्या माणसांविषयी बोलावं तशी बोलायची.

परीक्षेच्या आधी दोन आठवडे तारखेचा घोळ झाला. पेपर नेमका कारखान्यातल्या वार्षिक मालमोजणीच्या दिवशी आला. साहेबांना हे सांगायच्या दिवशी आई चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला मी तिच्या ऑफिसात गेले होते, म्हणून पुढचं सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. साहेब, म्हणजे सातवे, वयाने आईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. वागायला वाईट नव्हते. तेच जास्त वाईट होतं.

"ताई, मोजणीच्या दिवशी तुम्ही नाही म्हणजे माझे हातपायच गेले," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? तुम्हाला या परीक्षेची गरजच काय? तुमच्यासारखी माणसं म्हणजे खात्याचा पाया."

"पाया जमिनीत पुरतात साहेब," आई म्हणाली.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ते काही असो. रजा मिळणार नाही."

"मी मागत नाहीये. कळवायला आले आहे. त्या दिवशी मी नसेन."

आता मात्र त्यांचा चेहरा लाल झाला. टेबलांवरचे सगळे कारकून कागदांत माना घालून कान टवकारून बसले होते. "मग मला मेमो काढावा लागेल. तुमच्या नोकरीच्या नोंदीत जाईल तो."

आईने वळून मागचं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातली हिरवी फाईल काढली, त्यातला एक छापील कागद ओढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हा मेमोचा नमुना. तुम्हाला सापडला नसता. तारीख उजव्या कोपऱ्यात घालतात, आणि कारण थोडक्यात लिहायचं."

मेमो निघाला. आईने त्याची पोच सही करून दिली, घरी आणला आणि आत्यासमोर ठेवला, म्हणजे नंतर कळल्यावर बोलायला नको. आत्याने तो वाचला. "नोकरी जाईल एखाद्या दिवशी तुझी," ती म्हणाली, "आणि पास झालीस तरी भांडी तुझीच आहेत."

"भांडी घासून गेले होते चारही वेळा," आई म्हणाली.

त्या रात्री बाबा आणि ती भांडले. आवाज चढवून नव्हे, तसं ते कधीच भांडत नसत. बाबा म्हणाले, "मी थकलो गं." आई म्हणाली, "मीही." मग बाबा म्हणाले, "यंदाही राहिलं तर?"

"तर पहिल्यापासून सातही पेपर देईन. तुला आत्ताच सांगून ठेवते."

बाबांनी कपाळावर हात मारला, आणि मग, मला पडद्याआडून दिसलं, ते हसले. हरलेल्या माणसासारखे हसले, पण हसले.

पेपर झाला. आई बाहेर आली ती उजवा हात झटकत. कसा गेला विचारलं तर एवढंच म्हणाली, "चार ओळी त्यांच्या दिल्या." निकाल अडीच महिन्यांनी लागला. त्या दिवशी मी संगणक-केंद्रावर गेले, आईचा क्रमांक टाकला आणि आकडा दोनदा वाचला. एकसष्ट. मी तिला ऑफिसात फोन केला. तिचा आवाज अगदी साधा. "नीट बघितलास ना? माझाच क्रमांक आहे ना?" आणि मग, "बरं. ठेव. काम आहे."

साहेबांनी तिला पेढ्यासारखं गोड बोलून अभिनंदन केलं. मोठ्या मालकांनीही केबिनमध्ये बोलावून हात मिळवला. आईने तिथेच, उभ्या उभ्या, अधिकाऱ्याच्या जागेचा अर्ज पुढे केला. मालकांनी चष्मा पुसला. म्हणाले, जागा सध्या नाही, आणि अशा पदाला कसं, थोडं तरुण रक्त लागतं. पुढच्या वर्षी साहेब जाणार आहेत, नवे येतील, त्यांनाही तुम्हीच तयार करा, तुमच्याइतकं कोणाला जमणार?

"सात तयार केले," आई म्हणाली. "आठवी मी होते. नववा तुमचा तुम्ही करा."

आणि तिने एक महिन्याची नोटीस दिली. हे ऐकून बाबा मटकन खाली बसले. आत्याने पहिल्यांदाच मशीन थांबवलं, आईकडे बघितलं, आणि "अक्कल गहाण टाकलीस" म्हणून पुन्हा सुरू केलं. दीड महिना आई घरी होती. रोज एक अर्ज टाकायची. चार ठिकाणी तिचं वय बघून तोंड वाकडं केलं गेलं. पाचव्या ठिकाणी, दोन खोल्यांच्या एका ऑडिट फर्ममध्ये, मालकीणबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला: गोदाम मोजायला पाठवलं तर धुळीत जाल का? पगार पहिल्यापेक्षा थोडा कमीच होता. आई सोमवारी रुजू झाली.

पहिलं काम निघालं एका टायरच्या गोदामात. मला सुट्टी होती, आईने मला आकडे लिहायला बरोबर घेतलं. गोदाम म्हणजे छपरापर्यंत टायरच टायर. तिथला व्यवस्थापक तरणाबांड, घाईत होता. त्याने रजिस्टर उघडून पुढे केलं.

"मॅडम, वरच्या थराचे आकडे यावरूनच उतरवून घ्या ना. इतकी वर्षं सगळे तसंच करतात. वर कोण चढणार?"

आईने पदर कमरेला खोचला, रजिस्टर मिटून त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "शिडी आणा."