निशाणदाराचं पोट

हॉलंडमधल्या हार्लेम शहराच्या नागरिक पथकाचा निशाणदार बिनलग्नाचाच हवा, असा नियम होता. लढाईत निशाण सगळ्यात पुढे, म्हणजे निशाणदार आधी मरणार. मागे विधवा राहू नये. पथकाने अलीकडे मेजवानी सोडून कशावरही चाल केली नव्हती, पण नियम तो नियम.

योस्ट नऊ वर्षं निशाण मिरवत होता आणि नऊ वर्षं माख्टेल्टशी लग्न ठरवून बसला होता. दर रविवारी तिच्याकडे जेवायचा: वाटाण्याचं दाट सूप, डुकराचं मांस, वर लोण्यातली घावनं. तिने लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, पथकाचं चित्र छापून होऊ दे. एरवी तो लाकडी पिंपं बनवायचा, आणि पिंपवाल्याला मेल्यावर कोण विचारतो? चित्रातल्या निशाणदाराला मात्र शहर ओळखणार. त्याला मनापासून एवढंच हवं होतं.

या वसंतात माख्टेल्टने ऐकवलं, "मग त्या निशाणाशीच लग्न लाव, आणि रविवारी त्यालाच रांधायला सांग."

योस्टने डोकं चालवलं. चित्र कोरणाऱ्या लीव्हेनकडे जाऊन पाहिलं, तर छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर त्याचा चेहरा मिशांसकट कोरून तयार. तांब्यावरचं आता कोण पुसतो? दुसऱ्याच दिवशी त्याने लग्न जाहीर केलं. साप मेला, काठीही मोडली नाही.

तांबं घासता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कप्तानाने निशाण आपल्या भाच्याला दिलं, आणि चित्रातही भाचाच हवा म्हणाला. लीव्हेनने योस्टचं तोंड खरवडून तिथे भाच्याचं बसवलं. धड तसंच ठेवलं; सगळं नव्याने कोरायचा त्याला कंटाळा होता.

लग्नानंतर माख्टेल्टने त्या चित्राची एक छाप आणून जेवायच्या खोलीत लावली. योस्ट चित्राकडे पाठ करून जेवू लागला. त्याला फार लागलं होतं. शेवटी एकदा म्हणाला, "काढ ते. मी नाहीये त्यात."

"कोण म्हणतं?" त्या काडीसारख्या पोराच्या तोंडाखाली, कमरपट्ट्यावरून ओघळलेल्या पोटावर तिने बोट ठेवलं. "हे माझ्या हातचं आहे. नऊ वर्षं लागलीत. शहर ओळखो न ओळखो, मी ओळखते."

योस्ट जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला. मग खुर्ची फिरवून चित्राकडे तोंड करून बसला, आणि आणखी एक घावन मागितलं.